पाच गाड्या मागे लागल्या की

अमेरिकेत गाडी मी चालवणार असं लेकीला सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा तसाच थिजून राहिला. मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

लेक-जावई दोघंही नोकरीवाले, नात आठ महिन्यांची, दोघांच्या सुट्ट्या बाळंतपणातच संपलेल्या. आणि मला बघायचा होता तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा सोनोमा आणि मेंडोसिनोचा किनारा. द्राक्षांच्या मळ्यांपासून जेमतेम तासा-दीड तासावर सगळं एकदम तुटतं, कडे थेट समुद्रात कोसळतात, असं वाचलं होतं. जावई म्हणाले, "आई, नापाला बस जाते, छान टूर असते." पण मी गुहागरची. मळे बघायला नाशिक आहे. मला तो कडा हवा होता, आणि तिथे स्वतःच्या गाडीशिवाय जायची धड सोय नाही. आमच्या ह्यांचं लायसन्स गेली वीस वर्षं फक्त ओळखपत्र म्हणून चालतंय. मी मात्र कासारवडवलीहून ठाण्यातल्या बँकेत बारा वर्षं रोज वॅगनआर नेली आहे. मेट्रोचे खांब उभे राहताना नेली, पावसात नेली, कंटेनरच्या दोन रांगांच्या मधून नेली. म्हटलं, घोडबंदर रोडने जी शिकवली ती विद्या कुठेतरी कामाला येऊ दे.

आधी कागद. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायला गेले आणि कळलं, आपलं लायसन्सच चार महिन्यांत संपतंय. परमिट वर्षभराचं मिळतं, पण मूळ लायसन्स मेलं की तेही मेलं. म्हणून आधी नूतनीकरण. चाळिशी उलटलेल्यांना त्यासाठी डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सही करताना विचारलं, "चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" तेही मग करून घेतलं, आणि नंबर वाढलेला निघाला. हे आधी झालं ते बरंच. नव्या चष्म्याने पुढचा सगळा प्रवास केला. त्यानंतर सारथी पोर्टलवर परमिटचा अर्ज, १००० रुपये फी, पासपोर्ट, व्हिसा, आणि कागद घेऊन एक फेरी. हातात आली ती एक छोटी पुस्तिका. मी ती पासपोर्टच्या कव्हरात इतकी जपून ठेवली, जणू मॅट्रिकचं सर्टिफिकेट.

ती पुस्तिका कोणी उघडलीसुद्धा नाही. कॅलिफोर्नियात पर्यटकाला आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते, आणि आपलं लायसन्स इंग्रजीतच असतं. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि क्रेडिट कार्ड मागितलं. तिथे मात्र अडकले. कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं, आणि मी निघताना घाईत ह्यांचं कार्ड पुढे केलं होतं. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद. काउंटरवर उभ्या उभ्या ॲपमध्ये ते चालू केलं, मागची रांग सुस्कारे टाकत असताना. गाडी ताब्यात घेताना जावयांनी बजावलं होतं म्हणून चारही कोपऱ्यांचे फोटो काढले.

नातीला झोपवून रविवारी सकाळी सात वाजता जावई मला एका सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. उजव्या बाजूने चालवणं ही अडचणच नव्हती, ते डोळ्यांनी समजतं. हातापायांना समजत नाही. तिथे इंडिकेटर डावीकडे. वळायचं म्हटलं की माझा उजवा हात आपसूक दांडी ओढायचा आणि ऐन कोरड्या उन्हात वायपर सुरू व्हायचे. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे बेकार बसलेला डावा पाय क्लच शोधत अधूनमधून ब्रेकवर आदळायचा. शेवटी तो पाय मी सीटखाली मुडपून बसले. आपण डाव्या सीटवर असतो, म्हणून गाडी नकळत उजवीकडे सरकते. जावई मागून शांतपणे म्हणत राहिले, "आई, थोडं डावीकडे." असे जावई सगळ्यांना मिळोत.

रस्ता कसा घ्यायचा यावरून आमचा खल झाला. बहुतेक लोक उत्तरेकडून दक्षिणेला येतात, कारण मग समुद्र आपल्या बाजूला असतो आणि दृश्य छान दिसतं. पण 'आपल्या बाजूला' म्हणजे दरी आपल्या बाजूला. मी उलटं ठरवलं. जाताना किनाऱ्याच्या हायवे वनने उत्तरेला, म्हणजे मी डोंगराला चिकटून आणि माझ्या नि दरीच्या मध्ये समोरून येणाऱ्यांची एक लेन. येताना हायवे १२८ ने आतल्या खोऱ्यातून. ह्यांना म्हटलं, "फोटो जरा लांबून काढा. जिवंत राहू."

हायवे वन हे नाव फसवं आहे. एक लेन जायची, एक यायची. कडेला हातभर मोकळी जागा नाही, आणि जेनर हे गाव सोडल्यावर कित्येक वळणांना कठडाही नाही. रस्ता डोंगराच्या कुशीत आत जातो, नाल्याला वळसा घालतो, पुन्हा कड्याच्या टोकावर येतो, की पुन्हा आत. वेगमर्यादा ताशी ५५ मैल, पण वळणांवर पिवळ्या पाट्या १५ आणि २० च्या. आणि त्या पाट्या खऱ्या आहेत. आपल्याकडे घाटातली पाटी सूचना असते, तिथे ते मोजमाप आहे. मध्येच लोखंडी नळ्यांची जाळी रस्त्यात येते, गाडी तिच्यावरून घुर्रर्र करत जाते, आणि त्यापुढे गुरं मोकळी. एका वळणावर काळी गाय कड्याच्या अगदी टोकाशी चरत होती, पाठीमागे नुसतं आकाश.

जेनरच्या आधी गोट रॉक नावाच्या किनाऱ्यावर उतरलो. जवळच रशियन नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर सील पोत्यांसारखे पडलेले असतात. पार्किंगमध्येच मोठा फलक: समुद्राकडे पाठ करू नका. आमचे हे म्हणजे गुहागरचे जावई, तिथल्या समुद्रात पोहलेले. त्यांनी फलक वाचला आणि पाठ केली, कारण सेल्फी काढायचा होता. पंधरा मिनिटं लाटा शिस्तीत येऊन जात होत्या. मग एक आली ती थांबेचना. किनारा उभ्या उताराचा असल्यामुळे पाणी आधी भसकन वर चढतं आणि मग तेवढ्याच जोराने खाली ओढतं, पायाखालचे गोटे खडखडत निघून जातात. हे गुडघ्यापर्यंत भिजले, एका हाताने माझी ओढणी धरून उभे राहिले, टोपी गेली. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी लांबूनच त्यांना जे सुनावलं, त्यातलं अर्धंच समजलं पण सूर ओळखीचा होता. दूरच्या वादळांतून निघालेल्या लाटा एकमेकींवर चढून अशी एखादी मोठी लाट होते, आणि दरवर्षी माणसं नेते. पाणी बर्फासारखं, ऐन ऑक्टोबरात बारा-तेरा अंश. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते डॅशबोर्डखाली ठेवले. पावसाळ्यातला ठाणेकर उपाय.

याच किनाऱ्यावर रशियन लोक राहत होते, हे मला तिथे जाईपर्यंत पटलं नव्हतं. फोर्ट रॉसला लाकडी तटबंदी आहे, बुरूज आहेत, छोटं चर्च आहे. अलास्कातल्या रशियन कंपनीने १८१२ मध्ये ही वसाहत वसवली, समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांसाठी आणि अलास्कातल्या लोकांना धान्य पिकवून पाठवण्यासाठी. ऊदमांजरं संपत आली, धान्य पुरेसं पिकेना, आणि १८४१ मध्ये सगळं विकून ते गेले. धान्य का पिकेना ते आम्हाला तिथेच समजलं. दुपारचे दोन वाजलेले आणि समुद्रावरून धुकं असं चढून आलं की शंभर पावलांवरचं चर्च दिसेना.

हे धुकंच त्या सगळ्या प्रदेशाचं मूळ आहे. किनाऱ्याला थंड पाण्याचा प्रवाह, वर खोलातलं आणखी थंड पाणी उसळून येतं, त्यावरची हवा गार होऊन धुकं धरतं. आतलं खोरं दिवसभर तापतं, तिथली हवा वर जाते, आणि नद्यांच्या खिंडीतून हे धुकं आत ओढलं जातं. म्हणून दिवसा ऊन आणि रात्री गारठा, म्हणून द्राक्षाची साखर वाढते पण आंबटपणा टिकतो. फोर्ट रॉसच्या मागच्या डोंगरांवर, धुक्याच्या पातळीच्या वर, द्राक्षमळे आहेत. खाली आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो.

पाच गाड्यांचं प्रकरण त्यानंतरचं.

फोर्ट रॉसहून निघाले तेव्हा धुकं विरळ होतं. मी २५ च्या वर जात नव्हते. आरशात एक पिकअप ट्रक दिसला. मग त्याच्या मागे एक पांढरी गाडी, मग आणखी. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त दडपण आलं. घोडबंदरला हॉर्न ऐकून समजतं की मागचा किती चिडलाय. इथे नुसते दिवे, शांतपणे, माझ्या प्रत्येक वळणाबरोबर वळणारे. तळहात घामाने स्टिअरिंगवरून सटकायला लागले.

हे म्हणाले, "अगं, जाऊ दे ना त्यांना."

"कुठून जाऊ देऊ? डोंगरात शिरू?"

निघण्याआधी मी कॅलिफोर्नियाची चालकांसाठीची पुस्तिका बँकेच्या सर्क्युलरसारखी खुणा करत वाचली होती. तीत एक कलम आहे: दोन लेनच्या रस्त्यावर, ओलांडून जायला जागा नसताना, हळू चालणाऱ्या गाडीमागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर त्या गाडीने टर्नआउटमध्ये बाजूला व्हायचं. विनंती नाही, कायदा आहे. टर्नआउट म्हणजे रस्त्याला कडेने शिवलेला खिसा. गाडीभर जागा, कधी डांबरी, कधी नुसती खडी. वाचताना वाटलं होतं, मागच्या गाड्या मोजत बसायला वेळ कोणाला असतो?

"मोजा हो," मी ह्यांना म्हटलं. "मागे किती आहेत?"

ते मान वळवून मोजायला लागले. "चार. थांब, वळणामागून आणखी एक. पाच. पाच झाल्या!"

पाव मैलावर टर्नआउट असल्याची पाटी आली. इंडिकेटर दिला. वायपर नाही, इंडिकेटर, याची नोंद घ्यावी. खडीवर चाकं करकरली, गाडी थांबली. ट्रकवाल्याने जाताना खिडकीतून हात वर केला. पांढऱ्या गाडीने दोनदा दिवे मिचकावले. पाचही गेल्या आणि रस्ता एकदम रिकामा झाला. समोर धुकं फाटून खाली समुद्र दिसत होता, काळ्या खडकांवर पांढरा फेस, आणि इतक्या वेळात मी तो पहिल्यांदा पाहिला. तोवर मी फक्त आरसा पाहत होते.

तिथून पुढे तीन दिवस ह्यांची नेमणूक मोजणीदार म्हणून झाली. "दोन... दोनच आहेत, चल तू... तीन." एखादा खिसा आला की गरज नसतानाही मी शिरायची. दोन गाड्या मागे असल्या तरी. आम्ही तिथे चहा प्यायचो, थर्मासमधला.

ग्वालाला गावात पेट्रोल भरलं. तिथे पंप आपणच चालवायचा. मशीन पिनकोड मागतं आणि अमेरिकेतला पाच आकडीच घेतं. आमचा ४००६१५ त्याला पचेना. आत जाऊन काउंटरवर पैसे आधी भरले की पंप सुटतो. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पॉइंट अरीनाचं दीपगृह. पहिलं दीपगृह १९०६ च्या भूकंपात खिळखिळं झालं, मग सरकारने नवं बांधायला कोणाला बोलावलं, तर कारखान्यांच्या चिमण्या बांधणाऱ्या कंपनीला. ११५ फुटांचं ते दीपगृह दिसतंही तसंच, पांढऱ्या रंगाची चिमणी. १४५ पायऱ्या. माझे गुडघे खालीच थांबले, हे वर जाऊन आले आणि वरून हात हलवत राहिले.

मेंडोसिनो गाव कड्याच्या पठारावर आहे आणि गावभर लाकडी पाण्याच्या टाक्या, उंच पायांवर उभ्या. लोक त्यांचे फोटो काढतात. त्या शोभेच्या नाहीत. गावाला नळयोजना नाही, घरोघरी विहिरी आहेत आणि २०२१ च्या दुष्काळात त्या आटल्या तेव्हा हॉटेलांनी टँकरने पाणी विकत आणलं. आमच्या खोलीत टॉवेलवर पाणी जपून वापरण्याची चिठ्ठी होती. हे म्हणाले, "घरी आल्यासारखं वाटलं." घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत राहणाऱ्याला त्यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

पण त्या किनाऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती जागा वेगळीच. मेंडोसिनोच्या थोडं उत्तरेला पॉइंट कब्रियोचं दीपगृह आहे, १९०९ चं. समोर गवताळ पठार, बुटकं दीपगृह, आत एक छोटं प्रदर्शन. आम्ही वाऱ्यापासून बचाव म्हणून आत शिरलो. काचेत फुटक्या चिनी भांड्यांचे तुकडे होते, निळ्या नक्षीचे. वर लिहिलेलं वाचत गेले आणि मुंबईचं नाव आलं.

जहाजाचं नाव फ्रॉलिक. १८४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बांधलेलं, वेगवान, दोन डोलकाठ्यांचं. त्याचा धंदा अफूचा. मुंबईत माळव्याची अफू भरायची आणि चीनला न्यायची. वर्षानुवर्षं हेच. मग वाफेची जहाजं आली, फ्रॉलिक मागे पडलं, आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर मालकांनी त्यात चिनी माल भरून ते सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं: रेशीम, भांडी, सामानसुमान. जुलै १८५० मधल्या रात्री कॅप्टन एडवर्ड फॉकनला दूरवर डोंगररांग दिसत होती. त्याला वाटलं किनारा अजून लांब आहे. पण डोंगरांच्या पुढे हे सपाट, बुटकं पठार आहे. ज्यावर मी उभी होते तेच. ते अंधारात दिसलंच नाही. जहाज खडकावर बसलं. त्यावर लस्कर होते, म्हणजे आपल्या बाजूच्या समुद्रातले खलाशी.

पुढची गंमत अशी, की माल वाचवायला सॅन फ्रान्सिस्कोहून माणसं आली, तोवर इथल्या मूळच्या पोमो लोकांनी तो नेलेला. बायका रेशमी शाली पांघरून होत्या म्हणतात. आलेल्यांना माल मिळाला नाही, पण रेडवुडची जंगलं दिसली. दोन वर्षांत लाकडाची गिरणी उभी राहिली, आणि मेंडोसिनो त्यातून वाढलं. मी तो फुटका निळा तुकडा बराच वेळ बघत होते. ह्यांनी बाहेरून खुणा केल्या, "चल, वारा वाढलाय." मी म्हटलं, "थांबा हो, मुंबईचं काम आहे."

फोर्ट ब्रॅगचा काचेचा किनारा पाहिला. जुन्या कचऱ्यातली काच समुद्राने घासून गुळगुळीत केलेली. उचलायला बंदी आहे. ह्यांच्या खिशात गेलेले दोन हिरवे खडे मी परत टाकायला लावले.

परतीला हायवे १२८. समुद्र सोडला की लगेच नवारो नदीकाठचे रेडवुड सुरू होतात, मैलोन्मैल. भरदुपारी दिवे लावावे लागतात. आणि मग एकदम जंगल संपतं, ऊन येतं, आणि अँडरसन व्हॅलीतल्या वेलींच्या रांगा. मी स्वेटर काढला. अर्ध्या तासापूर्वी कान झाकून बसले होते.

एका छोट्या मळ्यात वाइन चाखायला थांबलो. तिथे पेला पुढे करताना मुलीने बाजूला एक पितळी भांडं ठेवलं. मी विचारलं हे काय? गाडी चालवणाऱ्यांनी तोंडात घोळवून यात थुंकायचं. म्हणजे पीकदाणी! तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, आपल्यापेक्षा कितीतरी सैल. पण वळणं माझ्या डोक्यात होती, मी प्रत्येक घोट थुंकला. गेवुर्त्सट्रामिनर नावाची एक पांढरी वाइन होती, तिला लिचीसारखा वास. तेवढी एक थुंकताना जिवावर आलं. हे माझ्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी पाचही पेले संपवले आणि पिनो न्वारची बाटली घेतली. भारतात येताना दोन लिटरपर्यंत मुभा आहे, हे पाठ होतं त्यांना.

पुढे बूनव्हिल. या गावाची एकेकाळी स्वतःची गुप्त बोली होती, बाहेरच्यांना समजू नये म्हणून बनवलेली. आपल्या लहानपणीच्या च-च्या भाषेसारखीच, पण मोठ्या माणसांनी वापरलेली. कॉफीच्या कपाला ते 'हॉर्न ऑफ झीस' म्हणत. आम्ही दोन घेतल्या. ह्यांना त्या हव्याच होत्या, कारण त्या पाच पेल्यांनंतर मोजणी बिघडायला लागली होती. बूनव्हिल ते क्लोव्हरडेल पुन्हा वळणांचा घाट. "किती आहेत?" विचारलं की उत्तर यायचं, "आहेत भरपूर."

मी सरळ पहिल्या खिशात गाडी घातली. मागे एकही गाडी नव्हती.

घरी आल्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनी फोटो बघायला आल्या. ह्यांच्या फोनमध्ये सहाशे. सील, गाय, दीपगृह, लाट येण्याआधीची टोपी. वहिनी म्हणाल्या, "आणि तुमचे?" मी फोन उघडला. माझ्याकडे चार होते. भाड्याची गाडी, चारही कोपऱ्यांतून, कुठेही ओरखडा नाही.